बिनघोरची तपासणी

फिरत्या दवाखान्याच्या ड्रायव्हरला त्या डोंगरपट्ट्यातल्या बावीस वस्त्यांत कोणी खऱ्या नावानं ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी तो बिनघोर. तपासणीला यायला कोणी काचकूच करू लागलं, की हा गाडीच्या पायरीवरून हाक द्यायचा, "बिनघोर या हो, इथं कोणी कुणाला खात नाही." नाव तिथूनच पडलं आणि कायमचं चिकटलं.

गाडीत डॉक्टरीणबाई असायच्या. वयानं लहान, हुशार, पण आजाराचं समजावून सांगू लागल्या की समोरचा अर्ध्यातच गर्भगळीत व्हायचा. सिस्टर होत्या, सव्वीस वर्षांच्या नोकरीत सगळा पट्टा पायाखाली घातलेल्या. पण माणसं गाडीपर्यंत आणायचं काम बिनघोरचं. खाणीवरचा मुकादम दोन महिने खोकत होता आणि अंगाला हात लावू देत नव्हता. बिनघोरनं त्याच्याशी पैज लावली, की तुझ्यापेक्षा माझं वजन जास्त भरेल. मुकादम ताठ्यात काट्यावर चढला आणि उतरला तो पांढराफटक पडून, कारण वर्षभरात अकरा किलो कुठं गेले ते त्यालाच सांगता येईना. मग थुंकी तपासायला तो आपण होऊन तयार झाला. क्षय निघाला, सहा महिने गोळ्या चालल्या, आणि आता मुकादम खरोखरच बिनघोरपेक्षा जड आहे. अशा कितीतरी गोष्टी होत्या. लोकांच्या भीतीची नाडी त्याला बरोबर सापडायची.

मग एका सोमवारी सकाळी, गाडी धुताना, त्याचीच वेळ आली.

बादली उचलली एवढं त्याला आठवत होतं. पुढं एकदम गुडघे गार लागले. तो खाली बसलेला, बादली आडवी, पाणी चाकाखालून वाहत चाललेलं. पाय घसरला म्हणावं तर कुठं खरचटलंही नव्हतं. मधले काही क्षण कोणी कात्रीनं कापून न्यावेत तसे गायब होते. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दवाखान्याच्या आवारात अजून कोणी आलं नव्हतं. तो उठला, पँट पिळली आणि पुन्हा नळ सोडला. फडकं मात्र त्याच्या हातातून दोनदा खाली पडलं.

त्याचे वडील शेहेचाळिसाव्या वर्षी गेले होते. दारात उभं राहून एक बूट पायात घातला, दुसरा हातात घेतला, आणि तसेच खाली आले. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि तो बूट त्यांच्या हातातून त्यानंच सोडवून घेतला होता. आता त्याला सत्तेचाळिसावं चालू होतं. मागचं वर्ष सरलं तेव्हा, बायकोलाही न सांगता, त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला होता, की चला, बापाच्या पुढं निघालो.

हृदयाचा आलेख काढायचं मशीन त्याच्या सीटच्या मागं चार हातांवर होतं. त्याच्या कागदाची गुंडाळी तोच बदलायचा. पाच मिनिटांचं काम. बाकावर आडवं व्हायचं, सिस्टर तारा चिकटवणार, कागद सरसरत बाहेर येणार. पण त्या कागदावर काय येईल ह्या विचारानं तो मशीनकडं बघायचंही टाळू लागला. आणि समजा काही निघालं, तर किल्ली जाणार. तेवीस वर्षं तो चाकामागं बसलेला माणूस. चाक काढून घेतलं तर खाली काय उरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कळलं नाही तोवर झालं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. हेच वाक्य वस्त्यांवरच्या माणसांच्या तोंडून ऐकून तो आजवर त्यांची टर उडवत आला होता.

बारा दिवसांनी पुन्हा झालं, आणि ह्या वेळी गाडी चालू होती.

वरच्या वस्तीवरून परत निघाले होते. दुपार होती, ऊन स्वच्छ, रस्ता मोकळा. सिस्टर शेजारी बसून मांडीवरच्या वहीत काही लिहीत होत्या, डॉक्टरीणबाई मागं बाकावर. तो बोलत होता काहीतरी. मग खडखडाट ऐकू आला. डाव्या बाजूची चाकं रस्ता सोडून खडीवर गेली होती आणि पुढं वीस पावलांवर खोल ओढा होता. त्यानं जिवाच्या आकांतानं चाक फिरवलं. मागं औषधांच्या बाटल्या कपाटावर आदळल्या आणि गाडी आडवीतिडवी होत थांबली.

"कुत्रं आलं मध्येच," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, काकांनी कुत्र्याचाही जीव वाचवला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून मागं पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं रान होतं, उंदीर लपेल एवढंही झुडूप नव्हतं.

"कोणत्या रंगाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"काळं."

सिस्टरनी वही मिटली आणि मग दवाखाना येईपर्यंत उघडली नाही.

त्या दिवसापासून भीतीनं त्याच्या घरात मुक्काम ठोकला. गाडी तो इतकी सावकाश हाकू लागला, की सायकलवाले मागं वळून बघत पुढं जायचे. मध्येच क्षण हरवला तर कळावं म्हणून त्यानं रस्त्यावरचे विजेचे खांब मोजायला सुरुवात केली. वरच्या वस्तीपासून पुलापर्यंत बारा वळणं आणि एकेचाळीस खांब. पुलाशी आकडा बरोबर आला की त्याला रडू फुटेलसं वाटायचं. कोणी बोलायला लागलं तर तो नुसता हुंकार भरायचा, कारण बोललं की खांब चुकायचा. एरवी ज्याचं तोंड मिटत नसे तो माणूस गप्प झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंना वाटलं घरी काही बिनसलं असेल.

घरीही बिनसलंच होतं. मुलीनं वरचा बल्ब बदलायला सांगितला तर त्यानं शिडीवर चढायचं टाळलं. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावून उतरू लागला. तीन आठवड्यांत त्याचे गाल बसले. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दीडशे मुलांतून कोण जेवलं नाही हे तिला एका नजरेत कळायचं. तिला नवरा कळणार नाही असं कसं होईल? एका रविवारी सकाळी तो न्हाणीतून बाहेर आला, तर ती दाराशीच उभी होती.

"तुम्ही हल्ली कडी लावत नाही आतून," ती म्हणाली.

तो म्हणाला, कडी गंजलीय. तिनं कडी सरकवून दाखवली. लोण्यासारखी सरकली.

"कुणाला आत येता यावं म्हणून उघडी ठेवता?"

त्यानं टॉवेलनं तोंड पुसत पुसत तेवढा वेळ काढला. मग म्हणाला, डोकं खाऊ नको. ती बाजूला झाली, पण नंतर कितीतरी वेळ ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. पण तो टॉवेल वाळत घालायला निघून गेला. सांगितलं असतं तर ती सोमवारी त्याला गाडीवर जाऊ देणार नव्हती, आणि मग सगळं खरं झालं असतं.

मंगळवारी वरच्या वस्तीची पाळी होती. तिथं एक म्हातारी राहायची, सगळ्या वस्तीची आजी, जिभेला हाड नसलेली. तिच्या छातीत गाठ असल्याचं तिच्या सुनेनं बिनघोरच्या कानावर घातलं होतं, त्याला चार महिने झाले होते. चार महिने तो दर फेरीला तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. कधी गोडीनं, कधी चेष्टेनं. म्हातारी म्हणायची, माझं वय झालं, उगाच खोदू नका. त्या मंगळवारी ती स्वतःहून चालत गाडीपाशी आली, अंगात धुतलेले कपडे, हातात एक छोटी पिशवी. डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागं तपासलं आणि बाहेर येऊन सिस्टरना हळूच सांगितलं, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात दाखवलेलं बरं, पुन्हा हिचं मन फिरायला नको.

म्हातारीला पुढं त्याच्या शेजारी बसायचं होतं. सिस्टर मागं गेल्या. मागं आणखी एक सात महिन्यांची गरोदर बाई होती, पाय सुजलेली, तिलाही हॉस्पिटलात सोडायचं होतं. बिनघोरनं आरशात पाहिलं. चार बायका, आणि एक जीव अजून जन्मायचा.

"तू म्हणालास म्हणून निघालेय," म्हातारी म्हणाली. "घाबरण्यासारखं नाही ना काही?"

"काही नाही," असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

पहिलं वळण गेलं. तो ओठ हलवत खांब मोजत होता. चार, पाच, सहा. म्हातारी पिशवी घट्ट धरून पुढं बघत होती. दुसरं वळण, तिसरं. उजवीकडं कडा, डावीकडं दरी, खाली नदीचा पट्टा चमकत होता. अकरा, बारा. चौथं वळण घेतलं, आणि समोर निळ्या पाटीचा खांब आला. निळ्या पाटीचा खांब सोळावा. हे त्याला पाठ होतं. पण तोंडात आकडा होता तेरा.

तीन खांब गेले होते. गाडी रस्त्यावरच होती, हात चाकावरच होते, म्हातारी तशीच पिशवी धरून बसली होती. कुणाला काही कळलं नव्हतं. मधले तीन खांब ती गाडी कोणीही हाकत नव्हतं.

त्यानं कड्याच्या बाजूला गाडी घेतली आणि थांबवली. हँडब्रेक ओढला. किल्ली काढली. खाली उतरून एक मोठा दगड उचलून मागच्या चाकाला लावला, कारण त्याचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. मग मागचं दार उघडलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "कुत्रं नव्हतं."

त्यानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं, बादलीपासून खांबापर्यंत, रस्त्यावर उभ्या उभ्या. डॉक्टरीणबाईंना आधी काही उमगेचना. सिस्टरना सगळं उमगलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला, मग पांढरा.

"आज किती जणी आहोत आम्ही गाडीत, मोजलं का?" त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी बाकावरची वही खाली टाकली आणि त्याला शर्ट काढायला सांगितला.

तो बाकावर आडवा झाला. हजार माणसांना त्यानं ह्याच बाकावर झोपवलं होतं. बाक इतका अरुंद असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तारा गार होत्या. त्यानं डोळे मिटले तर बाप दिसला, उघडले तर गाडीचं छप्पर. गरोदर बाईनं शरमेनं तोंड फिरवलं होतं. म्हातारी मात्र दारातून आत डोकावून टक लावून बघत होती. कागद सरसरू लागला. त्याचा आवाज त्याला आपल्या छातीतून आल्यासारखा वाटला.

मग आवाज लांब गेला.

परत आला तेव्हा सिस्टरचा हात त्याच्या छातीवर होता आणि त्या त्याच्या तोंडावर वाकून मोठ्यानं त्याचं नाव घेत होत्या, खरं नाव, जे त्यानं कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या हातात कागद होता. त्याला तो दिसला. टेकड्या, टेकड्या, टेकड्या, आणि मग वीतभर नुसती सरळ रेघ.

"हे माझं?" त्यानं विचारलं.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोके मध्येच थांबतायत. पण काका, ह्याला उपाय आहे, चांगला उपाय आहे." एरवी त्या लांबलचक बोलायच्या. आज एवढंच बोलल्या.

हॉस्पिटलला फोन झाला. तिथली गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती, वर यायला दीड तास लागला असता. डॉक्टरीणबाईंना स्वतःची छोटी गाडी चालवता यायची, ही मोठी कधी हातात धरली नव्हती. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सीट पुढं ओढली, आणि उरलेली आठ वळणं पहिल्या गिअरमध्ये, हॉर्नवर हात दाबून, खाली आणली. निघायच्या आधी चाकाखालचा दगड त्यांनीच काढला होता. पुढची सीट म्हातारीनं गरोदर बाईला दिली आणि आपण मागं येऊन समोरच्या बाकावर बसली.

बिनघोर छप्पराकडं बघत पडला होता. सिस्टरची दोन बोटं त्याच्या गळ्यापाशी नाडीवर होती, ती त्यांनी पुलापर्यंत उचलली नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर तो पुढच्याची वाट बघत होता. आयुष्यात इतकी वाट त्यानं कशाचीच पाहिली नव्हती.

"भ्यालास?" म्हातारीनं विचारलं.

त्याला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. सवयच ती. "खूप," तो म्हणाला.

"मग चार महिने मला काय सांगत होतास?" असं म्हणून म्हातारीनं पिशवीतून एक रुमाल काढला आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, जरा रागारागातच.

त्याच संध्याकाळी त्याला पेसमेकर बसवला. गळ्याच्या हाडाखाली आगपेटीएवढं यंत्र, ठोका चुकला की ते ढकलणार. बायको आली, खाटेशी उभी राहिली, आणि आधी त्याची चादर नीट केली. मग म्हणाली, रविवारी सांगितलं असतं तर सोमवारी सकाळीच मी स्वतः तुम्हाला इथं आणलं असतं. मुलगी रडली. बायको रडली नाही, पण घरी आल्यावर आठवडाभर ती जेवताना त्याच्याकडं बघत राहायची, जसं दीडशे मुलांतल्या एकाकडं बघावं.

बाराव्या दिवशी टाके काढायला सिस्टर घरी आल्या. कात्री, चिमटा, कापूस, सगळं टेबलावर रांगेत मांडलं. तीन टाके काढून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "रान मोकळं होतं. मी घरी गेले आणि रात्रभर तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन करावा की नको ह्यातच राहिले. फोन केला असता तर गाडी बंद. दुसरा ड्रायव्हर मिळायला चार-पाच महिने लागतात, मागच्या खेपेला लागले होते. त्या मुदतीत लसी कोण पोचवणार, त्या आजीला कोण उठवणार? असं मनाला सांगितलं. आणि रोज तुमच्या शेजारी बसायला मला भीती वाटायची."

तुमची चूक नाही, असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि आहे असं म्हणायला बिनघोरला तोंड नव्हतं. त्यानं टेबलावरचा कापूस त्यांच्या पुढ्यात सरकवला. मग त्या म्हणाल्या, हलू नका, अजून दोन आहेत.

बातमी वस्त्यांवर त्याच्याआधी पोचली होती. बिनघोरच्या छातीत यंत्र बसवलं, गाडीत बसल्या बसल्या त्याचं काळीज थांबलं होतं, असं जो तो तिखटमीठ लावून सांगत होता. पुढच्या फेऱ्या तालुक्याच्या रुग्णवाहिकेनं, जमेल तशा, केल्या. पहिल्याच फेरीला खाणीवर आलेख काढून घ्यायला चौदा माणसं रांगेत उभी होती, मुकादम सगळ्यांत पुढं. चौदांपैकी दोघांच्या आलेखात काहीतरी निघालं. बिनघोरला हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यानं त्या दोघांची नावं विचारून घेतली. एक त्याच्यापेक्षा तरुण होता.

म्हातारीची गाठ वाईट निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार चालू आहेत. केस गेले आहेत आणि जीभ होती तशीच आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. ती म्हणते, तुमच्याकडं मागितली कुणी.

चार महिन्यांनी बिनघोर पुन्हा गाडीवर रुजू झाला, पण मागच्या बाकावर, नाव-वय-पत्ता लिहून घ्यायला. गाडी पुन्हा त्याच्या हातात द्यायची की नाही, ते वर्षाअखेरीला मोठे डॉक्टर ठरवणार होते. चाकामागं आता एक बाई होती, आधी दहा वर्षं शाळेच्या बसवर असलेली. हात अगदी पक्का. तिनं पहिलं वळण घेतलं आणि बिनघोरनं वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप पुढं सरकून लाकडी फळीवर दाबला गेला, जिथं ब्रेक नव्हता. दरी एवढी जवळ असते हे त्याला चाकामागून कधी दिसलंच नव्हतं. समोर बसलेल्या सिस्टर त्याच्या पायाकडं बघत होत्या.

"काका, मागं कसं वाटतंय?" नव्या ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

"भीती वाटतेय," तो म्हणाला.

ती मोठ्यानं हसली, डॉक्टरीणबाईही हसल्या. दोघींना वाटलं, बिनघोर पुन्हा पहिल्यासारखा चेष्टा करायला लागला. सिस्टरनी बाकावर थोडं सरकून त्याला खिडकीपासून आतल्या बाजूला जागा करून दिली, आणि तो मुकाट्यानं तिथं जाऊन बसला.